पाव एकरातला वाघ

वाघ मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात. माझा जन्म यवतमाळचा, पुढे नोकरी पांढरकवड्याला झाली आणि टिपेश्वरचं जंगल आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण सातवीच्या उन्हाळ्यात मामाने पेशवे पार्कात नेलं तेव्हाच पट्टेदार जनावर डोळ्यांनी बघितलं. यवतमाळहून निघालो होतो शकुंतलेने. मूर्तिजापूरपर्यंतचे 113 किलोमीटर ती अरुंद रुळांची गाडी इतक्या सावकाश कापायची की मधल्या वावरांतली माणसं ओळखू यायची. त्यामुळे पेशवे पार्कातली फुलराणी दिसल्याबरोबर मी मामाला म्हणालो, ही तर आमच्या शकुंतलेची लेक. 8 एप्रिल 1956 रोजी सुरू झालेल्या त्या छोट्या गाडीत बसून बाग फिरायची, मग वाघ बघायचा, हत्तीवर बसायचं, भेळ खायची. एका संध्याकाळचे हे चार भाग. चारही सारख्याच मोलाचे वाटले होते आणि वाघ त्यांतला एक होता, एवढंच.

त्या ‘एवढंच’पाशी मी गेली काही वर्षं अडलो आहे.

पर्वतीच्या पायथ्याशी जनावरं ठेवण्याची रीत जुनी. सवाई माधवरावांच्या शिकारखान्यात सिंह होता, गेंडा होता. गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने 1790च्या सुमारास त्यांची चित्रं काढून ठेवली आहेत. राजाने बाळगलेलं जनावर राजाचा दबदबा सांगायचं. 1953मध्ये पुणे महापालिकेने तिथे पेशवे पार्क उभारलं तेव्हा तेच जनावर सर्वांचं झालं. हा बदल लहान नव्हता. ज्याच्या घरी कोणी हुजऱ्यासुद्धा नव्हता त्याच्या पोरालाही वाघ बघता येऊ लागला. मात्र जनावराच्या बाजूने पाहिलं तर फरक इतकाच पडला, की आधी थोडे डोळे त्याच्यावर होते, आता हजारो आले.

मग 1999 साली पुण्याने जे केलं त्याची आठवण महाराष्ट्राने पुरेशी ठेवलेली नाही. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला, राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या सुमारे 130 एकरांच्या जागेत हलवले. तिथे 1986पासून नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलेलं सर्पोद्यान होतंच. फुलराणी मात्र जागच्या जागी राहिली. पार्काचं पुढे ऊर्जा उद्यान झालं, पोरं येत राहिली, गाडी फिरत राहिली. पिंजरे हलले म्हणून कोणाचं बालपण ओस पडलं नाही. खेळ आणि जनावर यांची फारकत करता येते, तिने शहराचं काही बिघडत नाही, हे त्या एका स्थलांतराने दाखवून दिलं. माझ्या मते आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासातली ही सर्वांत समंजस घटना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातही झुले, बाग आणि वाघ एकाच कुंपणात होते. तिथले प्राणी मिटमिट्याच्या मोठ्या जागेत नेण्याचं काम पुण्यानंतर कितीतरी उशिरा हाती घेतलं गेलं.

मागच्या दिवाळीत नातीला घेऊन एका मनोरंजन उद्यानातलं छोटं प्राणिसंग्रहालय पुन्हा बघायला गेलो. दहाएक वर्षांपूर्वी तिच्या बापाबरोबर तिथे गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एकट्या जागेचा नाही. बदल पुष्कळ झाले होते. गजांच्या जागी जाड काच आली होती. मागच्या भिंतीवर कोणीतरी मन लावून जंगल रंगवलं होतं, सागाची पानं ओळखू येत होती. माकडांच्या पिंजऱ्याशेजारी फोटो काढायची कमान. पलीकडे नवा आकाशपाळणा, त्याच्या कर्ण्यावर गाणी. फरशी स्वच्छ, पाण्याचं टाकं भरलेलं, जनावर पूर्वीपेक्षा धष्टपुष्ट. हे सगळं मोजून मी समाधान मानणार, तेवढ्यात नातीने हात ओढला.

“आबा, हा बिबट कायले चकरा मारून राह्यला? काही हरवलं का त्याचं?”

तो काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत जायचा, त्याच जागी वळायचा, त्याच पावलांनी परत यायचा. जमिनीवर त्याची पायवाट उमटली होती. मी तिला काहीतरी उत्तर दिलं; काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते उत्तर नव्हतंच.

खरं उत्तर शास्त्रज्ञांनी शोधून ठेवलेलं आहे. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी 2003 साली ‘नेचर’मध्ये मांडलं, की रानात ज्या मांसभक्षक प्राण्यांचा वावर जितका दूरवर, तितक्या कोंडल्यावर त्यांच्या या चकरा जास्त आणि तितकी त्यांची पिल्लंही जास्त दगावतात. चकरा भुकेच्या नसतात. पोटभर खाऊनही त्या चालूच राहतात, कारण चालणं हाच त्या जनावराचा धंदा आहे. काच बसवून, भिंत रंगवून त्यात फरक पडत नाही. ती काच आपल्यासाठी आहे. गज दिसले की आपल्याला तुरुंग आठवतो, काचेतून पाहिलं की आठवत नाही. जर्मनीत कार्ल हागेनबेकने 1907 साली हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदकाचं प्राणिसंग्रहालय उघडलं, तेव्हापासून प्राणिसंग्रहालयांच्या बहुतेक सुधारणा या बघणाऱ्याच्या मनाला बोचू नये म्हणून झाल्या. सगळ्याच नाहीत, हे मान्य. स्विस प्राणितज्ज्ञ हायनी हेडिगर यांनी 1940च्या दशकात वेगळंच सांगितलं होतं: प्रत्येक रानटी जिवाचं माणसापासून पळून जाण्याचं एक ठरलेलं अंतर असतं आणि कोंडलेल्या जिवाला निदान नजरेआड होण्याची जागा तरी द्यायलाच हवी. मनोरंजन उद्यानात नेमकी हीच गोष्ट परवडत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला बिबट दिसला नाही तर तो खिडकीशी जाऊन भांडतो.

आपल्या कायद्याने बरंच केलं. 1991च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयांचं प्रकरण आलं, 1992मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. ज्यांची लायकी नव्हती अशी कितीतरी पिंजराघरं बंद झाली. त्याच नियमांत वाघाच्या जोडीसाठी मोकळ्या आवाराची किमान जागा ठरवून दिली आहे, 1000 चौरस मीटर. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला चौरस मीटर उमगत नाही, म्हणून एकरात हिशोब केला. पाव एकर.

आता यवतमाळच्या वाघाचा हिशोब ऐका. टिपेश्वर अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं, म्हणजे 36 हजार एकरांहून थोडं जास्त. तिथे जन्मलेल्या एका तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारी 2019मध्ये रेडिओ कॉलर बांधली. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं. जागा पुरली नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातून, मराठवाड्याच्या कडेकडेने, तेलंगणातही पाऊल टाकून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला तेव्हा 1300 किलोमीटर झाले होते. पुढचंही धरलं तर नऊएक महिन्यांत सुमारे 3000. दिवसा नाल्यात, पऱ्हाटीत, तुरीत दडून राहायचा आणि रात्री निघायचा. कित्येक गावांना तो शेजारून गेला हे कळलंसुद्धा नाही. त्याने गुरं मारली, पण एकाही माणसाचा जीव घेतला नाही. त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. पाव एकर आणि 3000 किलोमीटर हे दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत.

पण वाघाची ही थोरवी मी राळेगाव तालुक्यात जाऊन तोंड वर करून सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. 2016 ते 2018 या काळात त्या भागात तेरा माणसांचे जीव गेले आणि त्यांचा आरोप टी-1 वाघिणीवर आला. शहरांनी तिला अवनी म्हटलं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया टोळक्याने जाऊ लागल्या, जागलीला जाणं थांबलं, रोही आणि डुकरांनी उभी पिकं खाल्ली. 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घातली. दूर बसून हळहळणाऱ्यांनी त्या बायांची भीती समजून घेतली नाही, याचा राग आमच्या भागात अजून आहे आणि तो रास्त आहे.

त्या वाघिणीला दोन बछडे होते. त्यांतली मादी डिसेंबर 2018मध्ये पकडून पेंचला नेली. दोन वर्षांहून जास्त काळ तिला मोठ्या कुंपणात, माणसापासून दूर ठेवून शिकार करू दिली, कॉलर बांधली आणि मार्च 2021च्या सुरुवातीला जंगलात सोडलं. काही दिवसांतच तिथल्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली. उपचारासाठी नागपूरच्या गोरेवाड्याला आणलं आणि तिथे ती मेली. वन खात्याने मनापासून केलेला प्रयत्न होता तो. पण रान म्हणजे रिकामी जागा नव्हे, तिथे आधीच कोणाची तरी मालकी चालते, हे आम्हा यवतमाळकरांना त्या बछडीने शिकवलं. एकदा आत घेतलेलं जनावर बाहेर सोडणं फार अवघड.

गोरेवाड्याचं हे बचाव केंद्र 2015पासून आहे आणि 26 जानेवारी 2021 रोजी तिथे आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानाची भारतीय सफारी सुरू झाली. एकंदर क्षेत्र 1900 हेक्टरांच्या वर. प्रेक्षक बसमध्ये बंद, जनावर मोकळ्यात. पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसलेल्या मला हे स्वप्नातही दिसलं नसतं. पण विदर्भातल्या अशा जागांत जनावरं आज येतात कुठून, हे बघायला हवं. पूर्वी ती राजे आणायचे, सर्कशीतून यायची, दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाशी अदलाबदल व्हायची. आता मोठा भरणा आहे तो वावरातून पकडून आणलेल्यांचा: विहिरीत पडलेला बिबट, माणसावर धावून गेलेला वाघ, आई मेलेलं पिल्लू. 2024च्या अखेरीस गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने मेले, तेही चंद्रपूरकडच्या अशाच संघर्षातून तिथे आलेले होते. प्राणिसंग्रहालय हे मनोरंजनाचं ठिकाण राहिलेलंच नाही. आपल्या शेतीच्या आणि जंगलाच्या भांडणातल्या जायबंद्यांचा तो दवाखाना झाला आहे. दवाखान्याच्या आवारात आकाशपाळणा लावत नाहीत.

म्हणून लग्नाच्या पंगतीत कोणी म्हणतं, “नागपूरले आहे, चंद्रपूरले होऊन राह्यलं, आपल्या यवतमाळातई एखाद्या बगीच्यात झू पाहिजे,” तेव्हा मी घास खाली ठेवून नाही म्हणतो. आणि मग मला विचारतात, गरिबाच्या पोराने वाघ बघायचा कुठे? प्रश्न खरा आहे. टिपेश्वरच्या जिप्सीचं भाडं शेतमजुराच्या घराला झेपत नाही. पेशवे पार्क नसतं तर मलाही वाघाचं वेड लागलं नसतं, हेही मी विसरत नाही. पण त्यावर पिंजरा हेच एक उत्तर कशाला? सुन्ना गेटातून रोज सुटणाऱ्या गाड्यांपैकी एक, निदान आठवड्यातून एकदा, झरी-केळापूरच्या आश्रमशाळांसाठी आणि पोडांवरच्या कोलामांच्या पोरांसाठी राखून ठेवा. वाघ दिसला तर दिसला. चितळांचा कळप, अस्वलाने उकरलेलं वारूळ, झाडावरचे नखांचे ओरखडे, एवढं तर दिसेलच. आणि ते दाखवायला त्याच पोडातला कोणी वाटाड्या असावा.

छोट्या प्राणिसंग्रहालयाने माणसं बदललेली मला विदर्भातच एका ठिकाणी माहीत आहेत, हेमलकसा. माडियांनी शिकार केलेल्या माकडिणीच्या छातीला बिलगलेलं पिल्लू प्रकाश आमटेंनी मागून घेतलं, तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. पुढे माडिया लोक स्वतःहून अनाथ पिल्लं आणून देऊ लागले. तिथेही आवारं आहेत, जाळ्या आहेत. पण जनावर तिथे आलं ते मारणाऱ्याच्या हातून, आणि ज्याने आणून दिलं तो परत येऊन त्याची विचारपूस करतो. मनोरंजन उद्यानात वर्षभरात हजारोंनी माणसं येतात, त्यांतलं कोण विचारपूस करायला परत येतं?

जे प्राणी आज उद्यानांच्या कोपऱ्यांत आहेत त्यांना उद्या रानात सोडता येणार नाही. त्यांना पुण्याने नेलं तसं मोठ्या, शांत जागी न्यावं. जाणं होईपर्यंत पाळण्याचा कर्णा बंद ठेवावा, आवाराला झुडपांची आड द्यावी, आठवड्यातला सुट्टीचा दिवस खरोखर सुट्टीचा असावा. जे मरतील त्यांच्या जागी नवे आणू नयेत. आणि जो माणूस रोज पहाटे मांस तोलून देतो, जनावराने काल किती खाल्लं हे तोंडपाठ सांगतो, त्याला कंत्राटावर न ठेवता कायम करावं. त्या जनावराच्या आयुष्यात ओळखीचं माणूस तेवढं एकच.

राळेगावकडे माझा एक जुना विद्यार्थी आहे. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. 2018च्या त्या पावसाळ्यात त्याच्या शेजारच्या घरातलं माणूस गेलं होतं. वाघाविषयी त्याच्यापाशी बोलताना मी जपून बोलतो. या हिवाळ्यात त्याच्या बांधावर बसलो असताना त्याने विचारलं, पकडून नेतात त्यायले ठेवतात किती जागेत. नियमातला आकडा मी सांगितला. त्याने तुरीच्या तासावरून नजर फिरवली, जणू पाव एकर कुठवर येतं ते बघत होता.

“गुरुजी, एवढ्याशात तर बैलई नाही राहत,” तो म्हणाला. “त्याले कोंडू नका म्हणा. इकडं येऊ देऊ नका, पण कोंडू नका.”

या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या हे मी त्याला सांगू शकलो नाही. अंधार पडायला लागला होता. त्याने बॅटरी घेतली, फटाके खिशात टाकले आणि जागलीला निघाला.