वनातील महादेव

धनुर्मास लागला की आमच्या सभासद कुटुंबांतील काही मंडळी मुलाबाळांसह तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला रानवाटेने जाऊन येतात. यंदा एका वृद्ध भगिनींनी आम्हांस विचारले, "तेथील नंदीचे मस्तक भग्न आहे, अशा ठिकाणी नातवंडांना न्यावे काय?" प्रश्न श्रद्धेतून आलेला आहे. तो हसण्यावारी नेणे योग्य नव्हे.

भग्न मूर्ती पूजेत ठेवू नये, हा संकेत खरा. परंतु येथे मुख्य पूजा आहे ती गाभाऱ्यातील लिंगाची, आणि ती आजही चालू आहे. महाशिवरात्रीला तर त्या रानात माणसांची दाटी होते. नंदी हा स्वामीपुढे बसलेला सेवक. अंग भंगले म्हणून त्याची सेवा संपते काय? मस्तक गेले तरी त्याने आपली बैठक सोडलेली नाही. मुलांनी हे पाहू नये, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

देऊळ कदंबांच्या अमदानीतले, १२व्या शतकाच्या सुमाराचे. आपली घरे जांभ्या दगडाची. हे मात्र काळ्या पाषाणाचे. तो पाषाण घाटमाथ्यावरून सह्याद्री उतरवून आणला, असे मानतात. मंडपाच्या छतातील कमळ पाहता पाहता मान अवघडते. खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडविणारा हत्ती कोरलेला आहे. मुलांना तो मोठ्यांच्या आधी सापडतो!

१६व्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टी येथील देवळे पाडली गेली. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. आपल्यापैकी अनेकांची कुलदैवते अशी घर सोडून आलेली आहेत. सुर्ल्याचा महादेव राहिला तेथेच राहिला. हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला तो १८व्या शतकाच्या अखेरीस, आणि तेव्हाही भोवतीच्या अरण्याने देवाला झाकून ठेवले. म्हणून तेथील वृक्षही आम्ही देवळाचा प्राकारच समजतो. त्या प्राकारात वनभोजनाच्या नावाखाली मोठमोठ्याने गाणी वाजविणाऱ्यांचा आम्हांस मनस्वी खेद होतो.

तेव्हा आजींनी नातवंडांना खुशाल न्यावे. सकाळी लवकर निघावे. देऊळ पूर्वाभिमुख असल्याने कोवळे ऊन थेट मंडपात येते. बेल घरूनच न्यावा, कारण ते अभयारण्य आहे, तेथे पानही तोडू नये. प्रदक्षिणेत सोमसूत्र ओलांडू नये, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. शिदोरीची पाने व कागद पिशवीत घालून परत आणावेत; माकडांच्या हाती लागू देऊ नयेत.