चवीचा न्याय

वाशीम जिल्ह्यातील वाचकांपुढे पिल्सनर बिअरच्या चवीची चर्चा करावी काय, अशी शंका कोणासही येईल. देशी दारूने मोडलेले संसार येथे गावोगावी आहेत. याच विदर्भात वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. अशा ठिकाणी फेसाची मीमांसा थट्टा वाटावी. परंतु आमचा प्रश्न पिण्याचा नसून निवाड्याचा आहे.

सन १८३८ मध्ये बोहेमियातील प्लझेन या नगराने आपल्याच गावची ३६ पिंपे बिअर नासकी ठरवून नगरभवनासमोर ओतून दिली. स्वतःच्या मालाविरुद्ध असा निकाल देण्यास धैर्य लागते. मग नवी भट्टी उभी राहिली, बव्हेरियातून योझेफ ग्रोल हा कारागीर आणला गेला आणि ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने सोनेरी बिअरची पहिली खेप शिजवली. तेथील पाणी अतिशय हलके असल्याने हॉप्सचा कडवटपणा घशाला बोचत नाही. आमच्या काळ्या खडकातील विहिरींच्या जड पाण्यात ती चव उतरणे कठीण!

आज अनेक स्पर्धांत परीक्षक ५० गुणांपैकी चवीस २०, गंधास १२, तोंडातील स्पर्शास ५ आणि रूपास केवळ ३ गुण देतात. उरलेले १० एकंदर प्रभावाचे. प्याल्यावर फक्त क्रमांक असतो, करणाऱ्याचे नाव नसते. लोण्यासारखी किंचित झाक चेक पिल्सनरमध्ये चालते, जर्मन पिल्सनरमध्ये तोच दोष ठरतो. तर मग दोष पदार्थात की मापात? आमच्या मते मापात. आणि म्हणूनच माप आधी सांगितलेले असावे.

पोप ग्रेगरी द ग्रेट यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले. वेळेआधी खाणे, महागडे खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे हे चार आपण सहज ओळखतो. पाचवा म्हणजे फाजील चोखंदळपणा. रसिकाला झोंबतो तो हाच. ज्याचे लक्ष प्याल्यातील वस्तूवर आहे, त्यास आम्ही खादाड म्हणणार नाही. दोन घोटांत त्याचे काम होते. मात्र स्वतःच्या जिभेचे कौतुक सुरू झाले की ग्रेगरी यांचा बोल त्यास लागू पडतो. मद्यपीची गोष्ट निराळीच. त्यास चव उरलेलीच नसते.

जिभेचा निवाडा आमच्या बाजारातही होतो. सोयाबीनच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ केली. तेथे निदान यंत्र आणि आकडा असतो. खासगी व्यापारी मात्र पुष्कळदा दाणा दाताखाली धरून भाव बोलतो. त्याचा दात अनुभवी असेलही. पण ढिगाशेजारी मालाचा धनी उभा असतो, आणि त्याला आजच पैसे हवे आहेत, हेही भाव बोलणाऱ्यास दिसत असते.