निम्मी सोय खाडीत

आर्क्टिकचे प्राणी म्हटले की पाठ्यपुस्तकातलं पांढरं अस्वल आठवतं: दाट केस, चरबीचा थर. माझी त्या प्रदेशाशी ओळख झाली ती भाईंदरच्या मिठागरांत. ऑगस्ट सरत आला, आगरांत पावसाचं पाणी साचलेलं असलं, की छोटे टिलवे उतरू लागतात. चिमणीएवढा जीव, वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम. ओहोटीला वसईच्या खाडीतल्या उघड्या चिखलात, भरतीला मिठागरांच्या उथळ पाण्यात, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चाललेली.

यांचा जन्म सैबेरियाच्या टुंड्रातला. तिथली जमीन खाली बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. पाणी मुरत नाही, डबकी साचतात आणि डासांचं पीक येतं. विलोसारखी झाडंसुद्धा वाऱ्याच्या भीतीने जमिनीला चिकटून पसरतात. मोजक्या आठवड्यांत सगळं उरकायचं, म्हणून टिलव्याची मादी कधी दोन घरट्यांत अंडी घालते. एक घरटं नर उबवतो, दुसरं ती. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेच धावू लागतात, किडे स्वतःच टिपतात. न मावळणारा सूर्य त्यांच्या पथ्यावरच पडतो.

हिवाळ्याशी झुंजायच्या भानगडीत मात्र हे पडत नाहीत, निघून येतात. याला मी पळ काढणं म्हणणार नाही. अस्वलाची सोय त्याच्या अंगावर असते. यांची निम्मी सोय आपल्या खाडीत आहे.

त्यांच्याच सोबतीला बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर असतो. याचे नर अंडी उबवायला थांबत नाहीत, माद्याही पिल्लांच्या आधी निघतात. पिल्लं मागाहून, कधीच न पाहिलेल्या वाटेने, आईबापांशिवाय दक्षिणेला येतात. किती येतील, हे बरंचसं लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर ठरतं. लेमिंग भरपूर असले तर कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात. ते घटले की कोल्हे घरट्यांवर वळतात. मग हिवाळी थव्यांत फिकट किनारीच्या पिसांची कोवळी पाखरं कमी दिसतात. मिठागराच्या बांधावर उभं राहून सैबेरियातल्या तैमिरच्या उंदरांचा हिशेब लागतो, याची मला अजून गंमत वाटते.

एप्रिलमध्ये कर्ल्यू सँडपायपरची पांढरी पोटं विटकरी होऊ लागतात. परतीच्या प्रवासाची चरबी याच चिखलातल्या अळ्या-किड्यांवर चढते. भराव टाकलेल्या आगरात ती चढत नाही, आणि याला पक्ष्याकडे कुठलंच अनुकूलन नाही. मेपर्यंत बहुतेक निघून जातात. पहिल्या वर्षाचे काही मात्र उत्तरेला जातच नाहीत, अख्खा पावसाळा आपल्या किनाऱ्यावर काढतात.