ईदच्या दुसऱ्या दिवशी

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की धडा बोलू लागतो. ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. आता मुलांना त्याचे अप्रूपही उरलेले नाही. अशा धड्यांत स्थानिक संस्कृती यावी, असे सगळेच म्हणतात. आम्हीही म्हणतो. पण स्थानिक म्हणजे कोणाची?

या धड्यांत आमचा मुलगा आम्हाला बहुधा ईदलाच भेटतो. डोक्यावर टोपी, हातात शीरखुर्म्याची वाटी. ईदच्या दुसऱ्या दिवशी तो कुठे जातो, कोण जाणे! गणितातल्या बाजारात नाही, विज्ञानातल्या शेतात नाही.

मिरजेचे पाहा. तिथले शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावीत. हत्यारांचे दिवस सरले, तसा त्यांचा हात तंतुवाद्यांवर बसला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळवून त्याची सतार, तंबोरा घडतो. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तार ताणली की स्वर चढतो, भोपळ्याच्या पोकळीत तो घुमतो. ध्वनीचा धडा याहून सोपा कुठे सापडेल? आणि त्यात कारागिराचे नाव आपसूक येते. ‘हा मुसलमान बरे का’ असे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र सगळा दोष धडे करणाऱ्यांच्या माथी मारून आम्हाला मोकळे होता येत नाही. एका शिक्षकाने गावच्या संस्कृतीवर चित्रफीत करायची म्हणून आमच्याकडे मजकूर मागितला होता. आम्ही ईद दिली, मशीद दिली. मोहरम गाळला. कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, हे आम्हाला ठाऊक. आमच्या गावातही पंजे बसतात, नवस बोलायला सगळी आळी येते. तरी गाळला. ‘हे कुठे दीनमध्ये बसते?’ असे आमच्यातलेच कोणी विचारील, ही धास्ती. तो वाद खरा आहे आणि तो आम्ही आपसात जरूर घालावा. पण धडा म्हणजे फतवा नव्हे. गावात काय घडते, ते मुलाला सांगायचे. ते योग्य की अयोग्य, हे तो मोठेपणी ठरवील. आम्हीच लपवले, ते दुसऱ्याने दाखवले नाही म्हणून कोणत्या तोंडाने तक्रार करायची?

पुढे आम्ही त्या शिक्षकाला फोन केला. चित्रफीत तयार झाली होती. तिच्यात शीरखुर्मा होता.