कर्माचे फळ कोणाच्या दप्तरी?

यज्ञ आज आटोपतो, अग्नी विझतो, आणि फळ मात्र कालांतराने, बहुधा देहपातानंतर मिळावयाचे. मग मधल्या काळात ते कर्म असते कोठे, हा प्रश्न मीमांसकांना पडला. कर्मापासून ‘अपूर्व’ नावाची अदृष्ट शक्ती उत्पन्न होते व ती फलप्राप्तीपर्यंत कर्त्याच्या आत्म्याच्या आश्रयाने राहते, असे कुमारिल भट्टांनी प्रतिपादिले. कर्माची शक्ती टिकते, हे मला मान्य आहे. ती कर्त्याशीच बांधलेली असते, हे मात्र मान्य नाही, आणि त्याचे कारण ब्राझीलच्या अरण्यातील मातीत आहे.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पावसाने निःसत्त्व झालेल्या पिवळ्या-तांबड्या जमिनीत मधूनमधून काळ्या मातीचे पट्टे लागतात. कोठे कोठे हा थर दोन मीटर खोल जातो. त्यात खापऱ्या, माशांची हाडे आणि कोळशाचे कण मिसळलेले असतात. तेथील आदिवासींच्या पूर्वजांनी यांतील पुष्कळ थर हजार-दोन हजार वर्षांपूर्वी घातले. ते हेतुपुरस्सर, की चुलीतील राख-कोळसा उकिरड्यावर टाकता टाकता, याविषयी विद्वानांत एकमत नाही. १५४२ साली स्पॅनिश प्रवासी ओरेयाना ॲमेझॉन नदीने खाली उतरला, तेव्हा सोबतच्या कार्वाहाल पाद्र्याने काठावरील दाट वस्तीचे वर्णन लिहिले; पुढे त्या वस्त्या ओस पडल्या. आज त्याच काळ्या मातीत भलताच शेतकरी मका पेरतो, आणि हे इनाम त्याला कोणत्याही सनदेवाचून मिळालेले आहे.

त्या मातीतील कोळसा टिकतो तो असा: लाकूड मोकळ्या हवेत जळाले की त्यातील बहुतेक कार्बन वायुरूपाने निघून जातो व राख उरते. तेच हवा कोंडून सुमारे ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजले, तर त्यातील कार्बनचा मोठा अंश अशा घट्ट रचनेत बांधला जातो की मातीतील जंतूंना तो शतकानुशतके सहज फोडता येत नाही. अशा कोळशाचा तुकडा मोडून भिंगाखाली धरावा, म्हणजे झाडाच्या रसवाहिन्या पोकळ पण अभंग दिसतात. त्यांत पाणी थांबते आणि त्यांच्या भिंतींना अन्नद्रव्ये धरून राहतात. कोरा कोळसा मात्र आरंभी मातीतले नत्र स्वतःच धरून ठेवू शकतो, म्हणून तो शेणकाल्यात मुरवूनच घालावा. आम्ल जमिनीस तो मानवतो, चुनखडीच्या जमिनीस त्याचा क्षार नकोसा होतो.

कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्या राखेचा लाभ बहुतांशी त्याच हंगामापुरता असतो. सर्वस्व जळाल्याची खूण म्हणून आपण भस्माला वैराग्याची प्रतिष्ठा दिली. परंतु ऐन वेळी आवरलेल्या अग्नीचे दान मला अधिक दूरगामी वाटते, कारण तेथे अपूर्व आत्म्यात नव्हे तर भूमीत दाखल होते, आणि भोगणारा कर्त्याच्या कुळाचा वा धर्माचा असण्याची अट उरत नाही. उकिरड्यावर कोळसा टाकणाऱ्या एखाद्या बाईच्या मनात परोपकार असो वा नसो, मातीने तिचा हेतू विचारला नाही.

आपल्याला आता कोळशाचा हा गुण ठाऊक आहे, म्हणून हेतूचा प्रश्न आपल्यापुरता टळत नाही. ज्या कुळाची कबुलायत एकाच सालाची, त्याने परक्याच्या शेतात हजार वर्षांचा कोळसा स्वखर्चाने पुरावा असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. निष्काम कर्माचा उपदेश कुळाला करण्याआधी त्या खर्चाचा वाटा जमीनमालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे.