टेबलाखालचा साक्षी

उपाहारगृहांतील कोणतें टेबल भरलेलें आहे आणि कोणतें रिकामें, हें आपोआप कळावें म्हणून प्रत्येक टेबलाखालीं एक लहानसा संवेदक बसवावा, ते सर्व बिनतारी जाळ्यानें जोडावे आणि त्यांची वार्ता दारावरील फलकावर, स्वयंपाकघरांत किंवा मालकाच्या मोबाइलवर पोहोंचवावी, ही योजना आज अभियांत्रिकीच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्यास प्रयोगशाळेंत सिद्ध करतां येईल इतकी सोपी झाली आहे. तींत नीतीचा प्रश्न तो कोठला, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. दारांत ताटकळणाऱ्या कुटुंबास जागा लवकर मिळाली तर कोणाचें काय बिघडलें? माझ्या मतें प्रश्न यंत्राच्या अस्तित्वाचा नाहीं. तें काय मोजतें आणि मोजलेलें कोणास सांगतें, याचा आहे. आणि त्याचें उत्तर योजकास तारांना हात लावण्यापूर्वींच द्यावें लागतें.

स्वस्तांतला संवेदक म्हणजे ‘पी. आय. आर.’ जातीचा. उष्णतेच्या अदृश्य किरणांतील बदल तो टिपतो. ऊबदार शरीर हाललें कीं त्यास कळतें, निश्चल बसलें कीं त्याच्या लेखीं तेथें कोणीच नाहीं. हातवारे करून बोलणारा त्यास स्पष्ट दिसतो आणि पुस्तकांत बुडालेला वाचक नाहींसा होतो! (कित्येक संपादकांची दृष्टि अशीच असते, पण तो विषय निराळा.) हा दोष झांकण्यासाठीं शेवटच्या हालचालीनंतर अमुक मिनिटें टेबल भरलेलेंच मानावें, असा नियम यंत्रांत घालावा लागतो. हीं ‘अमुक’ मिनिटें किती? पांच धरलीं तर विचारांत गढलेला म्हातारा बसल्याजागीं बेदखल होईल. वीस धरलीं तर दारांतलें मूल भुकेनें रडेल. हा आंकडा कोणतेंही विद्युच्छास्त्र सांगूं शकत नाहीं. खुर्चीखालीं दाबमापक बसविला तर निश्चल मनुष्य सांपडतो, पण जड पिशवीही मनुष्य ठरण्याचा संभव असतो. कॅमेरा लावला तर सगळेंच सांपडतें. कोण कोणाबरोबर बसलें होतें, हेंसुद्धां. तें तर कोणीं विचारलेंच नव्हतें.

शिवाय टेबल ‘भरलेलें’ असणें ही निव्वळ शरीराची गोष्ट थोडीच आहे? सिंगापूरच्या हॉकर सेंटरांत टेबलावर कागदी रुमालांचें पाकीट ठेवून लोक निर्धास्तपणें अन्न आणावयास जातात. या रिवाजास तेथें ‘चोप’ म्हणतात. लोकलच्या खिडकींतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आम्हां मंडळींस याचें नवल वाटावयास नको. त्या टेबलावर यंत्राचा निकाल एक आणि भोंवतालच्या लोकांचा दुसरा. कोणता खरा मानावा?

यंत्राच्या बाजूनें एक गोष्ट मात्र मोकळेपणीं मान्य केली पाहिजे. एप्रिल २०१८ मध्यें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें स्टारबक्सच्या एका कॉफीगृहांत दोन कृष्णवर्णी तरुण कोणाची तरी वाट पाहात, कांहीं न मागवितां बसले होते. दुकानांतून पोलिसांस बोलावणें गेलें आणि दोघांस हातकड्या घालून नेण्यांत आलें. फार गहजब झाला. पुढील महिन्यांत कंपनीनें कांहीं विकत न घेणाऱ्यासही बसूं देण्याचें धोरण जाहीर केलें. जानेवारी २०२५ मध्यें उत्तर अमेरिकेंतील आपल्या दुकानांपुरतें तें मागें घेतलें. टेबलाखालच्या संवेदकास त्या तरुणांचा रंग दिसला नसता. जातीवरून पंक्ति आणि पेले वेगळे ठेवणाऱ्या समाजानें तर या आंधळेपणास हिणवूं नये. परंतु त्यास ‘वाट पाहणें’ही दिसलें नसतें, इतकीं मिनिटें, खरेदी शून्य, एवढाच त्याचा जबाब. पक्षपातावर उतारा म्हणून आंधळा न्यायाधीश नेमला, कीं पक्षपाताबरोबर कारणांचीही सुनावणी बंद होते. हा सौदा कधीं कधीं करण्यासारखा असेलही, पण तो सौदा आहे हें विसरतां कामा नये.

आतां दुसरा प्रश्न. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ पत्राच्या कचेरींत जानेवारी २०१६ मध्यें बातमीदार कामावर आले, तों टेबलांखालीं डब्या बसविलेल्या. माणूस जागेवर आहे कीं नाहीं, एवढेंच त्या सांगत. वीज वगैरेंची काटकसर व्हावी म्हणून हें केलें, असा खुलासा झाला. पण ओरड होतांच डब्या लगोलग काढाव्या लागल्या. माहिती क्षुल्लकच होती. ती वरच्यांस मिळे आणि ज्यांच्याविषयीं होती त्यांस कोणीं विचारलें नव्हतें, ही खरी बोच. भोजनगृहांतही तेंच व्हावयाचें. गिऱ्हाईक बसल्यापासून पाणी येईपर्यंत किती वेळ गेला, हें कळूं लागलें कीं टेबलाचा पहारा वेटरवर बसला. आणि त्याला तर ओरड करण्याचीही सोय नाहीं.

पहारा पूर्वींही होताच. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत भिंतींवर मोठाले आरसे असत आणि गल्ल्यावरील मालकास त्यांतून टेबलें न्याहाळतां येत. पण आरशाचा धर्म असा कीं, ज्याला आपण दिसतों तोही आपल्याला दिसतो. एका चहावर दोन तास काढणाऱ्या विद्यार्थ्याची मालकाशीं दृष्टादृष्ट होई. मग तो शरमून बनमस्का मागवी, किंवा निगरगट्टपणें बसून राही. मालकही कधीं खेकसे, कधीं परीक्षेचे दिवस ओळखून गप्प राही. टेबलाखालच्या डबीशीं अशी दृष्टादृष्ट होत नाहीं.

म्हणून मला योजना करावयास सांगितली, तर कॅमेरा मी आधींच वगळीन. ‘रिकामें’ आणि ‘भरलेलें’ यांपलीकडे यंत्रास शब्द नसावा. त्याची वार्ता दारावरील फलकावर, सर्वांच्या देखत उमटावी, आणि रात्रीं दुकान बंद होतांना पुसली जावी. बसणाऱ्यास डबी दिसेल अशा जागीं असावी. यावर मालक म्हणेल, भाडें मला भरावयाचें आहे, रात्रीं आठ वाजतां रांग रस्त्यापर्यंत जाते, तेव्हां कोण किती वेळ बसला हें मला कळावयास नको काय? त्याची अडचण खरी आहे. त्यानें गल्ल्यावरून उठावें, त्या टेबलापाशीं जावें आणि विचारावें, “आणखी कांहीं आणूं का?”