डोंगर चढून जाणारे

भाताची झोडणी उरकली, खळी रिकामी झाली की मुरबाड-शहापूरकडच्या वाड्यांवर सप्ताह बसू लागतात. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सिद्धगडाच्या बाजूला, अगदी वरच्या वाडीवर कीर्तन असेल तर गाडी जाते तिथवर जायचं आणि पुढे पायवाट धरायची. पखवाज पोत्यात गुंडाळून एकाच्या खांद्यावर, टाळांची पिशवी दुसऱ्याकडे. वर पोचल्यावर घरातली म्हातारी आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी पुढे करते, मग कोरा चहा. माघ सरताना ते पाणी खालच्या झऱ्यावरून कुणाच्या तरी डोक्यावरून चढून आलेलं असतं. देवाचं नाव सांगायला गेलेल्या माणसाने तोंड उघडण्याआधी वाडीने त्याला इतकं दिलेलं असतं.

दूरच्या डोंगरात, परक्या मुलखात जाऊन धर्माचं काम करावं अशी ओढ असलेले तरुण सगळ्याच धर्मांत भेटतात. कुणाला नेपाळच्या खेड्यांत जायचं असतं, कुणाला ईशान्येकडे. पगार नको, फक्त पाठवा, असं म्हणणारे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आणि त्यांचा विचार आला की मला आपल्याच सह्याद्रीत परदेशातून आलेला एक माणूस आठवतो, गॉर्डन हॉल.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा हा तरुण 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला. कंपनी सरकारने परत जायचा हुकूम दिला होता. विनवण्या करकरून तो राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, बायबलच्या नव्या कराराचं मराठी भाषांतर करणाऱ्यांत तो होता. तेरा वर्षांत त्याचा धर्म जवळजवळ कुणीच स्वीकारला नाही. तरी तो गावोगाव चालत राहिला. 1826 च्या मार्चमध्ये तो घाट चढून नाशिककडे गेला तेव्हा तिकडे पटकीची साथ पेटली होती. थोडंफार वैद्यक त्याला येत होतं. जवळची औषधं त्याने लोकांना वाटली, जवळजवळ सगळी. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठलं आणि स्वतःसाठी पुरेसं औषध उरलं नव्हतं. 20 मार्चला, एका देवळाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. बरोबर दोन तरुण होते, त्यांनीच त्याला माती दिली. बायको आणि मुलं आधीच अमेरिकेला रवाना झाली होती.

हॉलला आपले देव खोटे वाटत होते आणि तो तसं उघड सांगे. त्याचं ते म्हणणं मला मान्य नाही. डोंगरातला माणूस देवाविना कधीच नव्हता. आपल्या वाड्यांवर वाघदेव आहे, हिरवा देव आहे, धान्याच्या देवीला, कणसरीला, पुजल्याशिवाय नवं धान्य तोंडात जात नाही. तिथे देव पोचवायला जायचं नसतं, तो तिथे आधीपासून आहे. आमच्या वारकरी मंडळींनीही हे ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. वाडीवर जाऊन तिथल्या पूजेला अडाणी म्हणणारं कीर्तन मला बोचतं. पण हॉलच्या पदरी जे होतं ते त्याने साथीच्या गावात रिकामं केलं, हे त्याच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठं आहे.

हॉलच्याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुढे जस्टिन अ‍ॅबट आला. तो इथे शिकवायला आला आणि आपल्या संतांपाशी शिकत राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रं एकेक करून इंग्रजीत आणली. या चरित्रमालेचं पहिलं पुस्तक 1926 साली निघालं, हॉलच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी. पंडित नरहर गोडबोले यांनी त्याला साथ दिली. परक्या मुलखात गेलेला माणूस असाही परततो, आणि असं परतणं मला फार मोलाचं वाटतं.

दुसऱ्यांसाठी असं रिकामं होणं सिद्धगडालाही माहीत आहे. माथेरानचे भाई कोतवाल शेतकऱ्यांसाठी शाळा काढत, धान्यकोठी उभारत या मुलखात रुजले. स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत झाल्यावर याच रानाने त्यांना लपवलं. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे ते आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या जंगलात गोळ्यांनी पडले. ते धर्मप्रचारक नव्हते. पण वाडीच्या भाकरीवर राहून वाडीसाठी मरणारा माणूस कसा असतो, हे इथल्या लोकांनी पाहिलं आहे. म्हणून वर येणाऱ्या प्रत्येकाला ते नीट पारखतात.

अजूनही शहापूर-मुरबाडच्या काही पाड्यांवरून अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणावं लागतं. रस्ता नाही, पावसात ओढा अडवतो. तेव्हा यंदा ज्या भजनी मंडळांचे सप्ताह वरच्या वाड्यांवर ठरले असतील त्यांना माझी विनंती आहे. निघण्याआधी खालच्या गावातल्या आशाताईंना भेटा. वर काय कमी पडतंय ते विचारा आणि टाळांच्या पिशवीबरोबर तेही घेऊन चढा. काल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच उतरू नका; मंडळातल्या दोघांनी तरी मागे थांबावं, आणि पुढचा पावसाळा वाडी कसा काढणार आहे ते बसून ऐकावं.